हरवलेली डीएलएल: फाइल नको, तिचं पॅकेज शोधा

नवा गेम टाकावा, आयकॉनवर डबल क्लिक करावं आणि समोर चौकट उभी राहावी: व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल सापडत नाही, प्रोग्रॅम पुढे जाणार नाही. मग बहुतेक जण त्या फाइलचं नाव गूगलवर टाकतात, पहिली दिसेल त्या साइटवरून ती उतरवतात आणि विंडोजच्या सिस्टिम३२ या फोल्डरात नेऊन टाकतात. एक फाइल हरवली, ती आणून ठेवली की काम झालं, हा विंडोज वापरणाऱ्यांमधला सगळ्यात रुजलेला गैरसमज.

पुष्कळदा ती फाइल हरवलेली नसतेच, ती मुळात आलेलीच नसते. डीएलएल म्हणजे अनेक प्रोग्रॅमनी सामाईक वापरायचा तयार कोड. वरची फाइल मायक्रोसॉफ्टच्या ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल’ या फुकट मिळणाऱ्या पॅकेजातली. प्रोग्रॅम बनवणाऱ्यानं ते सोबत द्यायचं असतं; तो विसरतो आणि निस्तरायचं आपण. कुठलं पॅकेज हवं ते फाइलच्या नावातला आकडाच सांगतो: १०० असेल तर २०१० ची आवृत्ती, १२० असेल तर २०१३ ची, १४० असेल तर २०१५ पासून पुढची. या शेवटच्या गटातही एक मेख आहे. व्हीसीरनटाइम१४०_१ ही फाइल २०१९ च्या आवृत्तीपासून आली, त्यामुळे जुनं पॅकेज असूनही नवा प्रोग्रॅम अडून बसतो. अशा वेळी सगळ्यात ताजं पॅकेज टाकावं.

अनोळखी साइटवरची सुटी डीएलएल घेणं म्हणजे रस्त्यात सापडलेली गोळी तोंडात टाकणं. ती कुठल्या आवृत्तीची, कुणी फेरफार केलेली, काहीच कळत नाही. मायक्रोसॉफ्ट पूर्ण पॅकेज देते, सुट्या फायली वाटत बसत नाही.

‘माझं विंडोज ६४ बिटचं, मग ३२ बिटचं पॅकेज कशाला?’ हाही नेहमीचा प्रश्न. पण इथे विंडोज नव्हे, प्रोग्रॅम किती बिटचा हे महत्त्वाचं. ३२ बिटचा प्रोग्रॅम ३२ बिटचीच डीएलएल मागतो, म्हणून दोन्ही पॅकेजं टाकलेली बरी. गंमत म्हणजे ६४ बिटच्या विंडोजमध्ये सिस्टिम३२ या फोल्डरात ६४ बिटच्या फायली असतात आणि सिसवॉव६४ मध्ये ३२ बिटच्या. नावांवर विसंबून हातानं फाइल टाकणारा इथेच फसतो. मग पहिली चौकट जाते आणि ०एक्ससी०००००७बी हा एरर येतो.

गेमना लागणाऱ्या डायरेक्टएक्सबद्दलही असाच गैरसमज. विंडोज ११ मध्ये डायरेक्टएक्स १२ आहे, म्हणून जुन्या गेमला हवी असलेली डी३डीएक्स९_४३ ही फाइलही असायलाच हवी, असं वाटतं. ती नसते. तिच्यासाठी डायरेक्टएक्सचं जून २०१० चं रनटाइम वेगळं टाकावं लागतं. ते टाकल्यानं नव्या डायरेक्टएक्सला काही होत नाही.

‘एसएफसी स्कॅननाऊ’ चालवा, हा सल्ला तर जो तो देतो. ती कमांड फक्त विंडोजच्या स्वतःच्या फायली तपासते. गेमच्या किंवा अकाउंटिंगच्या प्रोग्रॅमच्या फायलींशी तिला देणंघेणं नाही. फाइल खरोखर विंडोजची असेल तर आधी ‘डिझम’ची रिस्टोअरहेल्थ ही कमांड चालवावी, मग एसएफसी. रजिस्ट्री क्लीनरच्या वाटेला मात्र जाऊच नये.

पॅकेज टाकूनही चौकट येतच राहिली तर अँटिव्हायरसचं क्वारंटाइन उघडून बघावं. फाइल तिथे सापडण्याची बरीच शक्यता असते. प्रोग्रॅम क्रॅक केलेला असेल तर ती परत आणायची घाई नको, अँटिव्हायरसचं बरोबर असू शकतं.

सुटी डीएलएल आधीच आणून टाकली असेल, तर ती प्रोग्रॅमच्या फोल्डरात आहे का ते आधी पाहावं. विंडोज सहसा तिथेच पहिल्यांदा शोधतं, त्यामुळे नंतर योग्य पॅकेज टाकलं तरी ती उपटसुंभ फाइलच वापरली जाते. ती काढावी, कम्प्युटरचं पूर्ण स्कॅन करावं आणि मग प्रोग्रॅम नव्यानं इन्स्टॉल करावा.