कळसूबाईवर वजन कमी होतं का?

आजचा प्रश्न साधा आहे: उंचावर गेलं की वजन कमी होतं का? उत्तर आहे, हो. पण किती, ते ऐका.

वजन म्हणजे पृथ्वी आपल्याला किती जोराने ओढते ते. हा जोर पृथ्वीच्या केंद्रापासूनच्या अंतरावर ठरतो. अंतर दुप्पट झालं, तर ओढ चौथा हिस्सा उरते. आपण केंद्रापासून साधारण 6371 किलोमीटरवर राहतो. अकोले तालुक्यातलं कळसूबाई शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच, 1646 मीटर. म्हणजे त्या 6371 मध्ये जेमतेम दीड-पावणेदोन किलोमीटरची भर! समुद्रकिनारी 60 किलो भरणारा माणूस शिखरावर फार तर 30 ग्रॅमने हलका भरेल. खरं तर त्याहूनही कमी, कारण पायाखालचा डोंगरही त्याला ओढत असतो. अंगातलं द्रव्य, म्हणजे वस्तुमान, मात्र तेवढंच राहतं. त्यामुळे बारीक व्हायला गड चढताय, तर श्रेय घामाला द्या, उंचीला नाही.

आता बाजार समितीत येऊ. जुन्या तराजूत एका पारड्यात माल, दुसऱ्यात वजनं. उंचावर दोन्हींची ओढ सारखीच घटते, म्हणून तराजू कुठेही तेच सांगतो. इलेक्ट्रॉनिक काटा मात्र दाब मोजतो. मुंबईत समुद्रसपाटीला जुळवलेला काटा तसाच अहिल्यानगरला, साधारण 650 मीटरवर आणला, तर उंचीमुळे 50 किलोच्या कांद्याच्या गोणीमागे फार तर 10 ग्रॅम कमी दाखवेल. म्हणूनच असा काटा जिथे वापरायचा, तिथेच प्रमाणित वजनं ठेवून जुळवायचा असतो. तसं केलं की उंचीचा हा फरक निघून जातो.

म्हणजे गोणीमागे अर्धा-एक किलो कमी भरत असेल आणि कुणी म्हणालं, “इथली उंचीच तशी आहे, भाऊ,” तर मान डोलवू नका. एवढा फरक उंचीने पडतच नाही. रिकाम्या काट्यावर शून्य दिसतंय का बघा. काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का आहे का आणि त्याची मुदत संपलीय का, तेही बघा. शंका असेल तर माहीत असलेलं प्रमाणित वजन ठेवून दाखवायला सांगा. आपल्या मालाचा हिशेब आहे, विचारण्यात लाज कसली?