मैलापाण्याचा पंप आणि वीज

शिरूरला जुनी मंडळी आजही घोडनदी म्हणतात; दौंड भीमेच्या काठी वसलेले. दोन्ही गावांच्या बाजारपेठेत खाली दुकान, वर बिऱ्हाड ही आपल्या घरांची जुनी रीत. रस्त्यावर दर खेपेस नवा थर चढला की उंबरठा खाली जातो आणि घराचा सांडपाण्याचा नळ गटारापेक्षा खोल पडतो. मग सेप्टिक टाकीत पंप बसवावा लागतो. तो चालू असेपर्यंत कोणास त्याची आठवण नसते. बंद पडतो तो नेमका चातुर्मासात, जमिनीतले पाणी वर आलेले असताना आणि घर पाहुण्यांनी भरलेले असताना.

बिघाडाचा अर्धा उलगडा टाकीपाशी नव्हे, मीटरजवळच्या पेटीत होतो. तेथे एमसीबी पडला असेल, तर तारा एकमेकींस चिकटल्या आहेत किंवा अडकलेली मोटर जादा प्रवाह ओढीत आहे. आरसीसीबी पडला असेल, तर वीज ओलाव्यातून जमिनीत झिरपत आहे. घरगुती आरसीसीबी बहुधा 30 मिलीअँपिअर गळतीचा असतो आणि तो माणसाच्या प्राणासाठी असतो. ‘सारखा पडतो’ म्हणून तो वगळून थेट जोडणी करून देणारे कारागीर आहेत. अशा कारागिरास चहा पाजून परत पाठवावे.

पंप नुसता गुणगुणतो पण फिरत नाही, तर कपॅसिटर गेलेला असतो किंवा पात्यांत कापड, प्लास्टिक अडकलेले असते. तो तत्काळ बंद करावा, अन्यथा मोटर जळते. वीज तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये भार उरतो, म्हणून त्यास हात लावणे वायरमनचेच काम. आवाजच नसेल तर संशय तरंगत्या स्विचवर. चरबी व साबणाच्या थराने तो जड होऊन खाली बसतो. वर अडकला तर पंप कोरडा चालतो, तापून थांबतो आणि थंड झाल्यावर आपोआप सुरू होतो. म्हणूनच थांबलेल्या पंपाजवळ जाण्यापूर्वी मुख्य बटण बंद हवे.

सर्वांत दुर्लक्षित जागा तारेच्या सांध्याची. टाकीतील हायड्रोजन सल्फाइड वायूने तांबे काळे पडते, सांधा तापू लागतो. टेप गुंडाळलेला सांधा टाकीच्या तोंडात कधीही नसावा. तो बाहेर, उंचावर, बंद पेटीत असावा आणि तारेच्या नळीचे टाकीकडील तोंड बुजवावे, नाही तर त्याच नळीतून वायू पेटीत शिरतो. अर्थिंगही स्वतंत्र हवे. न्यूट्रललाच अर्थ म्हणून जोडून देणे ही पंपाच्या लोखंडी अंगात वीज खेळवण्याची सोय आहे.

पंप वर घ्यायचा तो साखळीने, तारेला धरून नव्हे; आणि त्यासाठी टाकीत कोणी उतरायचे नाही. हा वायू थोडा असता सडक्या अंड्यासारखा वास येतो, फार झाला की वास कळेनासा होतो आणि माणूस कोसळतो. त्यास वाचवायला उतरलेला दुसराही तेथेच राहतो. संरक्षक साधनांविना कोणास टाकीत उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारातील मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली. मैला उपसणारी गाडी मागवावी. ती येईपर्यंत दुकानातल्या मुलास ‘जरा डोकावून बघ’ एवढेही सांगू नये.