हेलिकॉप्टर फेकण्याआधी उघडून पाहा

ईदीचे पैसे साठवून जळगावच्या माझ्या भाच्याने रिमोटचे हेलिकॉप्टर घेतले. बासी ईदच्या दिवशीच ते छताच्या पंख्याला धडकले. "मामू, आता हे उडतच नाही," असा रडवेला फोन मला धुळ्याला आला. त्याचे अब्बा म्हणत होते, "टाकून दे, पुढच्या ईदला दुसरे आणू." मी म्हणालो, "टाकू नकोस, रविवारी येतो."

रविवारी आम्ही दोघांनी ते उघडले. अशा लहान हेलिकॉप्टरला बहुधा पात्यांच्या दोन जोड्या एकावर एक असतात. त्या विरुद्ध दिशांनी फिरतात, म्हणून यंत्र स्वतःभोवती गरगरत नाही. वरची आणि खालची पाती दिसायला सारखी, पण त्यांचा उतार उलटा असतो. कित्येकदा त्यांवर 'ए' आणि 'बी' अशी अक्षरे असतात. अदलाबदल झाली तर हेलिकॉप्टर नीट उचलतच नाही. पात्याचा स्क्रूही करकचून आवळू नये. पाते बोटाने सहज हलले पाहिजे, म्हणजे धडकेत ते मोडण्याऐवजी दुमडते.

आमचे एक पाते मोडले होते आणि शेपटीच्या मोटरची केसासारखी बारीक तार तुटली होती. तार गोलाणी मार्केटमधल्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्याने सोल्डर करून दिली. पाती खोक्यावरचा मॉडेल क्रमांक पाहून ऑनलाइन मागवली. नव्या हेलिकॉप्टरच्या मानाने खर्च किरकोळ झाला. म्हणून खोके जपून ठेवा आणि घेतानाच सुटे भाग मिळतात का, हे विचारा.

बॅटरीबाबत मात्र हयगय नको. या खेळण्यांत बहुधा ३.७ व्होल्टची लिथियम बॅटरी असते. ती फुगली तर टोचू नका, पुन्हा चार्ज करू नका, घरच्या कचऱ्यातही टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. चार्जिंगला लावून झोपू नका. बदलताना व्होल्ट, आकार आणि प्लग तिन्ही जुळले पाहिजेत.

हेलिकॉप्टर पुन्हा उडाले तेव्हा भाच्याने विचारले, "मामू, खऱ्या हेलिकॉप्टरचेही भाग बदलतात?" मी सांगितले, "बदलतात. किती तास उडाले याची नोंद ठेवतात आणि काही भाग मोडायची वाट न पाहताच बदलतात."

आता त्याने खोक्यावर नवी पाती बसवल्याची तारीख लिहून ठेवली आहे. शेजारची मुलेही आपली मोडकी खेळणी घेऊन त्याच्याकडे येऊ लागली आहेत.