शिशाविना विद्युत् : बेरियम टायटनेटचे गुणधर्म आणि उपयोग

गॅसचा लायटर दाबला की ठिणगी पडते. सोनोग्राफीच्या यंत्राचा प्रोब शरीरावर टेकवला की त्यातून ध्वनिलहरी आत जातात. या दोन्ही साधनांत बहुधा एकाच जातीचे सिरॅमिक असते : लेड झिर्कोनेट टायटनेट, म्हणजेच ‘पीझेडटी’. त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो. साधन निकामी होऊन भंगारात गेले की हे शिसे माती-पाण्यात उतरण्याची भीती राहते. शिसे लहान मुलांच्या मेंदूला विशेष अपायकारक असून त्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. त्यामुळे शिसेमुक्त पर्यायांचा शोध जगभर सुरू आहे. या शोधात ‘पीझेडटी’च्याही आधी जन्मलेले बेरियम टायटनेट पुन्हा महत्त्वाचे ठरले आहे.

या संयुगाच्या शोधामागे युद्धकाळाची निकड होती. रेडिओ आणि रडार यंत्रणांतील कपॅसिटरसाठी, म्हणजे विद्युत्भार साठवणाऱ्या घटकांसाठी, तेव्हा अभ्रक वापरले जाई. त्याचा मोठा पुरवठा भारतातून, विशेषतः आजच्या झारखंडमधील कोडरमा परिसरातून होत असे. दुसऱ्या महायुद्धात अभ्रकाची टंचाई भासू लागताच पर्याय शोधणे भाग पडले. १९४० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिका, सोव्हिएत संघ आणि जपान येथील संशोधक स्वतंत्रपणे बेरियम टायटनेटपर्यंत पोहोचले. विद्युत्भार साठवण्याची क्षमता दर्शवणारा डायइलेक्ट्रिक स्थिरांक अभ्रकाच्या बाबतीत ६ ते ७ असतो. या नव्या सिरॅमिकमध्ये तो १,००० च्या वर आढळला.

या गुणाचे रहस्य स्फटिकाच्या रचनेत आहे. एका सूक्ष्म घनाची कल्पना करावी. त्याच्या कोपऱ्यांवर बेरियम, प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर ऑक्सिजन आणि गाभ्यात टायटेनियमचा आयन असतो. सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या वर टायटेनियम नेमका मध्यभागी राहतो. तापमान त्याखाली आले की तो किंचित एका बाजूला सरकतो. त्यामुळे घनाचे एक टोक धन, तर दुसरे ऋण होते. बाहेरून पुरेसे विद्युत्क्षेत्र लावून ही दिशा उलटवता येते आणि क्षेत्र काढून घेतल्यावरही ती टिकते. लोहचुंबकाशी असलेल्या या साधर्म्यामुळे अशा पदार्थांना ‘फेरोइलेक्ट्रिक’ म्हणतात; त्यांच्यात लोह असण्याचा मात्र संबंध नाही.

बेरियम कार्बोनेट आणि टायटेनियम डायऑक्साइड यांचे मिश्रण उच्च तापमानाला भाजून हे सिरॅमिक तयार करतात. त्यातील असंख्य कणांच्या दिशा सुरुवातीला वेगवेगळ्या असतात. तीव्र विद्युत्क्षेत्रात ठेवून त्या बऱ्याच अंशी एकाच दिशेला वळवल्या की सिरॅमिक दाबविद्युत गुण दाखवू लागते : दाबल्यास विद्युत्दाब निर्माण होतो आणि विद्युत्दाब दिल्यास ते आकुंचन-प्रसरण पावते.

आज या संयुगाचा सर्वांत मोठा उपयोग बहुस्तरीय कपॅसिटरमध्ये होतो. सिरॅमिक आणि धातूचे अतिशय पातळ थर आलटून-पालटून रचलेले असे शेकडो कपॅसिटर एका मोबाइलमध्ये असतात. दुसरा उपयोग तापमानावर आपोआप नियंत्रण ठेवण्याचा आहे. अल्प प्रमाणात अन्य मूलद्रव्ये मिसळली की हे सिरॅमिक वीज वाहू लागते. मात्र ठरावीक तापमान ओलांडताच त्याचा रोध एकदम वाढतो आणि प्रवाह रोखला जातो. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू करणाऱ्या घटकांत आणि डास पळवणाऱ्या विजेच्या उपकरणांतील तापकांत हाच गुण कामी येतो.

दाबविद्युत साधनांत मात्र ते मागे पडले. १२० अंशांच्या आसपास त्याचा दाबविद्युत गुण नाहीसा होतो, तर १९५० च्या दशकात पुढे आलेले ‘पीझेडटी’ याहून बरीच उष्णता सहन करते आणि दाबाला अधिक प्रतिसाद देते. युरोपीय संघाने २००६ पासून विद्युत् उपकरणांतील शिशावर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली; तरीही तोडीचा पर्याय नसल्याने अशा सिरॅमिकना सवलत द्यावी लागली.

ही कोंडी फोडण्याचे प्रयत्न दोन दिशांनी झाले. २००४ मध्ये जपानी संशोधकांनी पोटॅशियम, सोडियम आणि नायोबियम यांच्या ऑक्साइडवर आधारित सिरॅमिकमध्ये ‘पीझेडटी’शी तुल्य प्रतिसाद मिळवला. २००९ मध्ये बेरियम टायटनेटमध्येच कॅल्शियम आणि झिर्कोनियम मिसळून त्याहूनही तीव्र प्रतिसाद साधण्यात आला. परंतु त्याची उष्णतेची मर्यादा १०० अंशांच्याही खाली घसरली.

त्यामुळे एकच पदार्थ सर्वत्र शिशाची जागा घेईल, अशी अपेक्षा करता येत नाही. तापलेल्या इंजिनाजवळचा संवेदक आणि सामान्य तापमानात चालणारे उपकरण यांच्या गरजा भिन्न आहेत. त्यांच्यासाठी सिरॅमिकही वेगवेगळे निवडावे लागेल. शिवाय शिसे टाळले म्हणजे सर्व धोका टळला, असेही नाही. कच्चा माल म्हणून वापरले जाणारे बेरियम कार्बोनेट विषारी असते. म्हणून कारखान्यातील दक्षता येथेही तितकीच आवश्यक ठरते.