बेस गिटार आणि उजवा कान

गेल्या आठवड्यात या सदरात लहान मुलांच्या कानदुखीविषयी लिहिले होते. या आठवड्यात एका प्रौढ रुग्णाचे प्रकरण सांगणार आहे. रुग्ण पुरुष, वय ५७, राहणार सांगली, व्यवसाय कान-नाक-घशाचा डॉक्टर. म्हणजे मीच. दिव्याखाली अंधार कसा असतो, हे इतरांना सांगताना संकोच वाटतो. पण आमच्या भागात हौशी वादकांची संख्या बरीच आहे आणि त्यातले फार थोडे माझ्याकडे वेळेवर येतात, म्हणून लिहितो.

आमचा एक हौशी रॉक बँड आहे. २००८ साली सुरू केला. ड्रम वाजवणारा बँकेत रोखपाल, लीड गिटारवाला हळदीचा अडत्या, गायक शाळेत इंग्रजीचा मास्तर, की-बोर्डवर अभियांत्रिकी महाविद्यालयातील एक प्राध्यापिका आणि बेस गिटारवर मी. दर शनिवारी रात्री अडत्याच्या गोदामात हळदीच्या पोत्यांमध्ये आमचा सराव चालतो. पोती आवाज शोषून घेतात, त्यामुळे शेजाऱ्यांची तक्रार नसते. घरी गेल्यावर अंगाला हळदीचा वास येतो, त्यावरून मात्र घराघरांत बोलणी बसलेली आहेत.

आमच्याकडे बँड म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे वरातीचा बँड येतो. सुरुवातीला आम्ही ओळखीच्यांत जाहिरात केली, तेव्हा पहिला फोन आला तो 'घोडा तुमचाच का आमचा?' असे विचारणारा. हौशी बँडचे जीवन हे असे आहे. बिदागी ठरते पाच हजार. त्यातून टेम्पो, ध्वनिक्षेपकवाल्याचे वरचे पैसे आणि रात्रीचे जेवण वजा जाता प्रत्येकाच्या वाट्याला तीन-चारशे रुपये आले तर दिवाळी. २०१४ साली एका गणेश मंडळापुढे आम्ही 'डीप पर्पल'ची गाणी वाजवत होतो आणि समोर छत्री घेऊन बसलेल्या सात माणसांपैकी तिघे मंडळाचे कार्यकर्ते होते. चौथ्या गाण्यानंतर अध्यक्ष स्टेजवर आले आणि हात जोडून म्हणाले, "डॉक्टर, पोरांना नाचायला काहीतरी लावा की." २०१६ नंतर तर प्रत्येक कार्यक्रमात अर्ध्या तासाने 'झिंगाट'ची फर्माईश ठरलेली. पुढे पुढे आम्ही तेही बसवले. रॉकच्या शुद्धतेचा आग्रह धरण्याइतके आम्ही थोर नाही.

पण एखादी रात्र अशी येते की सगळे फिटते. २०१८ साली एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात गाणे ऐन भरात असताना वीज गेली. गिटार, की-बोर्ड, माईक सगळे मुके झाले. ड्रमर मात्र थांबला नाही. त्याच्या ठेक्यावर अंधारात हजारभर पोरे टाळ्या देऊ लागली आणि जनरेटर सुरू होईपर्यंत ती तीन मिनिटे त्यांनी धरून ठेवली. त्या रात्री घरी आल्यावर पहाटेपर्यंत झोप लागली नाही. कानात शिट्टी वाजत होती. मी ती आनंदाचीच समजलो.

ही शिट्टी माझ्या जुन्या ओळखीची होती. मिरजेला वैद्यकीय शिक्षण घेत असताना आम्ही काही मुले महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन धोबी तलावाजवळच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' ऐकायचो. १९८६ साली तो महोत्सव सुरू झाला. आम्ही हट्टाने स्पीकरच्या भिंतीला खेटून उभे राहायचो. परतीच्या गाडीत सगळ्यांचे कान बधीर आणि गुणगुणणारे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरायचे. उतरले म्हणजे संपले, अशी समजूत. अभ्यासक्रमातही त्या काळी साधारण तेच शिकवत.

आज आपल्याला याहून अधिक माहीत आहे. आपल्या अंतर्कर्णात शंखाच्या आकाराचा एक अवयव असतो. त्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. ध्वनीच्या लाटांनी त्या हलतात आणि त्यांच्या हालचालीतून मज्जातंतूंना संदेश जातो. मोठ्या आवाजाने या पेशी गव्हाच्या लोंब्या वादळात आडव्या व्हाव्यात तशा होतात. थोडा वेळ गेला की बऱ्याच पुन्हा उभ्या राहतात, म्हणून ऐकू येणे पूर्ववत होते. पण काही उठतच नाहीत. कोंबडीच्या पिलात मेलेल्या पेशींच्या जागी नव्या उगवतात. माणसाला ते भाग्य नाही. शिवाय २००९ साली अमेरिकेतील संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगातून असे दिसले की, तपासणीत ऐकणे पूर्ण सुधारलेले दिसत असतानाही केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातील जोड कायमचे तुटलेले असू शकतात. म्हणजे रंगभवनाच्या त्या रात्रींचे बिल माझ्या नावावर कदाचित तेव्हाच लागले होते.

हे मला कळले कसे, ते सांगतो. दवाखान्यात मी एका मुलाच्या काखेत डिजिटल थर्मामीटर लावून त्याच्या आईशी बोलत होतो. दोन-तीन मिनिटे झाली असावीत. मुलगाच म्हणाला, "डॉक्टरकाका, वाजले की केव्हाचे!" मी हसून वेळ मारून नेली. मग लक्षात आले की फोन मी हल्ली डाव्याच कानाला लावतो. घरी सौ. म्हणत होतीच की पंखा चालू असला की तुम्हांला निम्मेच ऐकू येते. पण पतिराजांना बायकोचे ऐकू न येणे हा आजार आहे हे कोण मानणार?

खरा धक्का मिरजेत बसला. मुलीच्या तंबोऱ्याची जवारी काढायची होती म्हणून सतारमेकर गल्लीत गेलो होतो. जवारी म्हणजे तारेखालच्या घोडीचा पृष्ठभाग घासून असा जुळवायचा की तार नुसती वाजत नाही, तर फुलते. मूळ स्वराभोवती वरच्या पट्टीतले बारीक स्वर झळाळू लागतात. कारागीर तारेखालचा दोरा केसभर सरकवायचे, तार छेडायचे आणि ऐकायचे. असे तीन-चार वेळा झाले आणि ते समाधानाने म्हणाले, "आता खुलली बघा." मी तंबोऱ्याच्या डावीकडे बसलो होतो, म्हणजे माझा उजवा कान तंबोऱ्याकडे होता. मला काहीच फरक कळला नाही. मान वळवून डावा कान पुढे केला, तेव्हा कुठे ती झळाळी थोडीशी ऐकू आली. ज्या मिरजेत वाद्य करणाऱ्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या कानाच्या भरवशावर संसार केले, तिथे कानाचा डॉक्टर मान वेळावत बसला होता. कारागिरांनी पाहिले असावे. ते काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या ध्वनिरोधक खोलीत मी रुग्णाच्या स्टुलावर बसलो आणि सहायिकेने माझा ऑडिओग्राम काढला. बोलण्याच्या खालच्या पट्ट्या व्यवस्थित. ४००० हर्ट्झला मात्र आलेखात खड्डा. उजव्या कानाला ५० डेसिबल, डाव्याला ३५. मोठ्या आवाजाने झालेल्या बहिरेपणाची ही ठरलेली खूण आहे. यंत्रमागावरच्या कामगारांचे असे शेकडो आलेख मी पाहिले असतील. उजवाच का? कारण स्टेजवर मी ड्रमरच्या डाव्या हाताला उभा राहतो. त्याची हाय-हॅट आणि झांज माझ्या उजव्या कानापासून हातभर अंतरावर असते.

डेसिबलचे गणित लोकांना फसवे वाटते, कारण ते पाढ्यासारखे चढत नाही. दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि कानाला सुरक्षित असलेला वेळ निम्मा होतो. ८५ डेसिबलला आठ तास चालतात. ८८ ला चार, ९१ ला दोन, ९४ ला एक. १०० डेसिबलपर्यंत पोहोचलात की पंधरा मिनिटे. गोदामात मी मोबाईलवरचे मापक लावून पाहिले. त्याची अचूकता बेताचीच. पण माझ्या जागेवर आकडा १०३ च्या आसपास राहिला. म्हणजे दिवसाचा माझा शिधा साडेसात मिनिटांत, दुसरे गाणे संपायच्या आत खलास. कार्यक्रम चालतो अडीच तास.

मोठ्या लोकांचीही यातून सुटका झालेली नाही. 'द हू' या इंग्रजी बँडने ३१ मे १९७६ रोजी लंडनच्या चार्लटन मैदानावर केलेल्या कार्यक्रमात ३२ मीटरवर १२६ डेसिबल मोजले गेले आणि गिनेस बुकात तो विक्रम म्हणून नोंदला गेला. त्याच बँडचा गिटारवादक पीट टाऊनशेंड पुढे आपल्या कर्णनादाविषयी आणि बहिरेपणाविषयी उघडपणे बोलू लागला. २०१६ साली 'एसी-डीसी'चा गायक ब्रायन जॉन्सन याला कानांमुळे दौरा अर्ध्यावर सोडावा लागला. त्यांच्यापाशी पैसा होता, तज्ज्ञ होते. आमच्यापाशी हळदीची पोती होती.

पुढच्या शनिवारी मी पाच जणांसाठी वादकांचे इअरप्लग घेऊन गेलो. साधे फोमचे बोळे स्वस्त असतात आणि रक्षणही चांगले करतात. पण ते वरच्या पट्ट्या जास्त खातात, त्यामुळे संगीत गोधडीतून ऐकल्यासारखे वाटते. वादकांच्या प्लगमध्ये छोटी गाळणी असते. सगळ्या पट्ट्या ती जवळजवळ सारख्याच कमी करते. पंधरा डेसिबल कमी करणारा प्लग नीट बसला तर १०३ चे ८८ होतात आणि साडेसात मिनिटांचे चार तास. बेसच्या तारांच्या एका सेटहून ते स्वस्त पडतात. (कापसाचा बोळा अगदीच निरुपयोगी. आणि कोमट तेल तर कृपा करून कोणी घालू नये.)

स्वागत काही बरे झाले नाही. गायक म्हणाला, स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो आणि सूर खाली जातो. हे खरे आहे. कान बंद केला की आपला आवाज हाडांतून मोठा ऐकू येतो आणि त्याची सवय व्हायला काही आठवडे लागतात. अडत्याने एकच कानात घातला. ड्रमर मात्र रागावला. "हेल्मेट घालून आंघोळ करायची का आता?" म्हणाला आणि त्या रात्री नेहमीपेक्षा जोरात वाजवला. आमच्यात त्यावरून बोलाचाली झाली. मी म्हणालो, तुझ्या झांजेने माझा कान गेला. असे बोलायला नको होते. तो काठ्या पिशवीत घालून निघून गेला आणि २०२३ च्या पावसाळ्यात तीन महिने आमचा बँड बंद होता.

ऑक्टोबरमध्ये तो दवाखान्यात आला. मित्र म्हणून नव्हे, रांगेत नंबर लावून. त्याच्या परवानगीनेच लिहितो आहे. वर्षभर त्याच्या कानात रातकिडा ओरडत होता. दिवसा बँकेच्या गर्दीत लक्षात यायचे नाही, पण रात्री घर शांत झाले की आवाज वाढायचा आणि दोन-दोन वाजेपर्यंत डोळा लागायचा नाही. काउंटरच्या काचेपलीकडले ग्राहक काय म्हणतात ते कळत नाही म्हणून तो पुन्हा पुन्हा विचारायचा आणि लोक त्याला उर्मट म्हणू लागले होते. त्याचा आलेख माझ्याहून वाईट निघाला. त्याला हे आधीपासून जाणवत होते. प्लग नाकारले ते त्यामुळेच; घातले असते तर कबूल केल्यासारखे झाले असते.

कर्णनाद समूळ घालवणारे औषध आज नाही. जाहिरातीतल्या गोळ्या आणि थेंबांवर पैसे घालवू नयेत. पण त्रास कमी करता येतो. पूर्ण शांतता टाळून रात्री पंख्याचा किंवा हलक्या संगीताचा आवाज चालू ठेवावा. ऐकणे कमी असेल तर श्रवणयंत्राने नादही पुष्कळदा मागे पडतो. मनाची चिडचिड आणि झोप यांवर समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो. त्याने श्रवणयंत्र घेतले. झांजांचा आकार कमी केला. मी माझी जागा बदलून त्याच्या उजवीकडे दोन पावले मागे गेलो, आणि मुख्य म्हणजे आम्ही सगळ्यांनीच आवाज उतरवला. गंमत अशी की, प्राध्यापिकाबाईंचा की-बोर्ड इतक्या वर्षांत लोकांना प्रथमच ऐकू आला!

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. एका कानाने अचानक, तासा-दोन तासांत किंवा सकाळी उठल्यावर ऐकू येईनासे झाले, तर 'मळ असेल' म्हणून थांबू नये. त्याच दिवशी तज्ज्ञाला दाखवावे. त्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतात. कार्यक्रमानंतर कान बधीर होऊन ते दोन दिवसांत उतरले नाही, तरीही तपासणी करावी.

गेल्या डिसेंबरात एका स्नेहसंमेलनात वाजवून आम्ही रात्री टेम्पोने परत येत होतो. दहाच्या आत कार्यक्रम संपवायचा नियम असल्याने वेळेत निघालो होतो. आयर्विन पुलाच्या अलीकडे ड्रमरने चालकाला इंजिन बंद करायला सांगितले. आम्हांला वाटले, याला मळमळते आहे. तो खाली उतरून कृष्णेकडे तोंड करून मिनिटभर उभा राहिला. प्रत्येक कार्यक्रमानंतर तो हल्ली असा कानातला किडा ऐकून पाहतो, वाढला की काय ते. आम्ही कोणी बोललो नाही. मग तो परत येऊन ड्रमच्या पेटीवर बसला.

"आहे तेवढाच आहे," म्हणाला. "शनिवारी नऊला येऊ की साडेनऊला?"