चालती बेरीज आणि हट्टी संगणकभाषा

दोस्तांनो, दुकानदार उधारीच्या वहीत चालती बेरीज कशी करतो? २०, त्यात ३५, झाले ५५. त्यात १५, झाले ७०. सोप्पं!

पण एक्सएमएलमधल्या माहितीचे तक्ते बनवणाऱ्या 'एक्सएसएलटी' या भाषेला हेच सांगून बघा. १९९९ साली आलेल्या तिच्या पहिल्या आवृत्तीत चलाला एकदा किंमत दिली, की ती बदलताच येत नाही! मग प्रत्येक ओळीवर पहिल्यापासून पुन्हा बेरीज करायची? १००० ओळींसाठी ५,००,५०० रकमा वाचाव्या लागतील, बरं का!

त्यापेक्षा युक्ती भारी आहे. बेरजेचा नियम पुढच्या ओळीसाठी स्वतःलाच हाक मारतो आणि आतापर्यंतची बेरीज तिच्या हाती सोपवतो, रिले शर्यतीतल्या दांडीसारखी. चल बदलत नाही; दर हाकेला नवाच मिळतो. १००० ओळी, १००० हाका!

२०१७ च्या ३.० आवृत्तीत तर यासाठी 'अ‍ॅक्युम्युलेटर' ही खास सोयच आली.