गायकाचा गळा, चित्रकाराचा पडदा

रशियातील गायक शाल्यापिन आणि व्यक्तिचित्रकार सेरोव्ह यांचा स्नेह १९११ साली तुटला. शाल्यापिनने रंगमंचावर झारपुढे गुडघे टेकले, ते सेरोव्हला सहन झाले नाही. त्याच वर्षी सेरोव्ह वारला.

आपल्याकडची अशी जोडी म्हणजे कोल्हापूरचे गायक-नट केशवराव भोसले आणि चित्रकार बाबूराव पेंटर. दोघांचा जन्म १८९० चा. केशवरावांची 'ललितकलादर्श' ही मंडळी मराठी खरी, पण १९०८ साली ती जन्मली हुबळीत! कन्नड विभागाच्या वाचकांनी हे ध्यानात घ्यावे. तिचे पडदे आनंदराव आणि बाबूराव यांनी रंगविले. सपाट कापडावर खांब एकामागे एक लहान होत गेले, की महालाला खोली येते आणि गाणारे पात्र त्या महालातलेच वाटू लागते. माझ्या वाणिज्य शाखेच्या भाषेत, पडदा हे मंडळीचे गुंडाळून नेता येणारे भांडवल. तिकिटे मात्र खपत ती गायकाच्या नावावर.

केशवराव १९२१ साली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेले. बाबूराव तोवर चित्रपटाकडे वळले होते. त्यांचा 'सैरंध्री' १९२० चा. कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचे नाव मिळाले. ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, आगीत जळाले.